शिट्ट्या मोजू नका

नोकरीसाठी नव्या गावात खोली घ्यावी, बाहेरच्या खाण्याला जीव विटावा आणि मग फोनवर पाककृती शोधायला लागावं, ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. सोमवारी पनीर, मंगळवारी पास्ता, बुधवारी पुन्हा पार्सल. माझा अनुभव सांगतो, शिकणं फसतं ते इथेच. नवशिक्याने सुरुवातीला वरण, भात आणि एखादी परतलेली भाजी एवढंच करावं, तेच तेच करावं आणि कृतीत दिलेल्या मिनिटांपेक्षा भांड्यात काय चाललंय तिकडे लक्ष द्यावं. पदार्थ मसाल्यामुळे क्वचितच बिघडतो; बहुतेक वेळा तो आचेने आणि पाण्याने बिघडतो. आणि तुमच्या शेगडीची आच दुसऱ्या कुणाच्या कृतीत लिहून येत नाही.

तूरडाळीचंच घ्या. ‘तीन शिट्ट्या कर’ असं जो तो सांगतो. पण शिट्टी हे वेळेचं माप नव्हे. कुकरमधला दाब वाढून वाफ बाहेर पडली, एवढंच ती कळवते. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. बारीक आचेवर तेवढ्याच शिट्ट्यांना कितीतरी वेळ लागतो आणि डाळीचा गाळ होतो. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते सुमारे 120 अंशांपर्यंत पोचतं. त्या उष्णतेत डाळ किती वेळ राहिली, यावर तिचं शिजणं ठरतं. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावं. एवढं करूनही डाळ शिजत नसेल तर ती जुनी असेल, किंवा पाणी बोअरचं, जड असेल. जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ पडायला वेळ लागतो. चिंच-आमसुलाच्या आंबटपणानेही तेच होतं, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. तांदळाचीही तीच गत. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त, आणि चिकट इंद्रायणीचं माप बासमतीला लावलं तर दोन्हींवर अन्याय. यातलं काय तुमच्या डब्यात आहे, हे व्हिडिओतल्या बाईंना कसं कळणार?

फोडणीत तर मिनिटांचा हिशेब चालतच नाही, तिथे क्षणांचा मामला. तेलात मोहरीचे दोन दाणे टाकून पाहावेत. ते लगेच तडतडले तरच बाकीची मोहरी घालावी आणि ती पुरती तडतडू द्यावी, नाहीतर दाताखाली कडू लागते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता. हळद-तिखट गॅस बारीक करून, आणि लगोलग कांदा किंवा भाजी, कारण हळद करपायला वेळ लागत नाही. करपलीच तर फोडणी टाकून द्यावी, तिच्यात वरून काहीही घातलं तरी ती सुधारत नाही. तेल पेटलं तर पाणी चुकूनही ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावं.

यावर कुणी म्हणेल, मग मापाला काहीच किंमत नाही का? आहे, चांगलीच आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि घरोघरी पोचलं ते वाटी-चमच्याच्या नेमक्या प्रमाणामुळे. ज्यांना शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी नव्हतं, त्यांना ते उपयोगी पडलं. मीठ, पाणी, पीठ मोजूनच घ्यावं. ‘अंदाजाने घाल’ म्हणणाऱ्या आईचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीतून आलेला असतो, तो फोनवर मिळत नाही. मात्र माप जिन्नसांपुरतं. आच ज्याची त्यानेच ओळखायची, आणि तीही एकच पदार्थ पुन्हापुन्हा केल्यावर.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. रोज वरण-भात कोण खाणार? पण शिजलेली डाळ हाताशी असली की एक दिवस तूप-लिंबाचं साधं वरण, दुसऱ्या दिवशी गोडा मसाला आणि गूळ घालून आमटी, सुट्टीला कणकेचे तुकडे सोडून वरणफळं. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. (तो भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लवकर फ्रीजमध्ये टाका. त्यातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही टिकतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.) कंटाळा यायच्या आत हात बसतो, असंच मी पाहिलंय.

तेव्हा सुरुवातीला डाळ-तांदूळ एकाच दुकानातून, एकाच जातीचे आणा. कुकर तोच, वाटी तीच, गॅसचा बर्नरही तोच ठेवा. बाकी काही बदललं नाही, तरच वरण बिघडल्यावर ते कशाने बिघडलं हे तुम्हाला कळेल. आणि डाळीचा कुकर निम्म्याहून जास्त भरू नका.