चिंता, शरीर आणि निद्रा

सकाळच्या दुसऱ्याच तासाला एखादे मूल वहीवर मान टाकून पेंगू लागते. शिक्षक त्यास हटकतात, उभे करतात, चार मुले हसतात आणि पाठ पुढे चालू होतो. ‘आळशी’ हा शेरा अशा मुलाच्या नावापुढे सहज पडतो. परंतु पुष्कळ प्रसंगी दोष आळसाचा नसून, आदल्या रात्री त्याच्या घरात व त्याच्या शरीरात जे घडले त्याचा असतो.

या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस मिठागरे, भातशेती व उत्तनसारखे कोळीवाडे यांवर जगणारी ही गावे. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र होऊन तेथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. एका पिढीत गावाचे शहर झाले, आणि शहराची दिनचर्याही घरात आली. येथील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे रेल्वेने मुंबईस कामाला जातात. भाईंदर ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४३ किलोमीटर. एका वेळच्या प्रवासास तासाहून अधिक वेळ लागतो आणि गर्दीच्या वेळी बसावयास जागा मिळणे दूरच, दारात पाय ठेवावयास मिळाला तरी पुष्कळ झाले. घराचा हप्ता, नोकरीची अनिश्चितता व चुकलेली गाडी यांचा भार घेऊन माणूस रात्री नऊ-दहा वाजता परततो. मग जेवण, मग हिशेब, आणि कधी कधी वाद. लहानशा घरात मुलाचे अंथरूण या बोलण्यापासून चार हातांवर असते. मूल डोळे मिटून पडलेले असते एवढेच. ते झोपलेले नसते.

उत्तनच्या कोळीवाड्यात चिंतेचे कारण निराळे. समुद्रावर गेलेली बोट परतेपर्यंत घर जागे राहते, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खर्चाची काळजी जागवते. डोंगराळ तालुक्यातील शिक्षकासही हे परके वाटू नये. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, अथवा आईबाप वीटभट्टीवर वा ऊसतोडीस निघावयाच्या आठवड्यात, वर्गातील मुलांचे चेहरे तो पाहतोच.

चिंता मनात उत्पन्न होते, पण ती मनात राहत नाही. मराठी भाषेने हे शास्त्राच्या पूर्वीच ओळखले होते. भयाने ‘तोंडचे पाणी पळते’, ‘हातपाय गार पडतात’, ‘अंगावर काटा येतो’, ‘छाती धडधडते’, ‘पोटात गोळा उठतो’. भाषेच्या तासाला हे वाक्प्रचार म्हणून शिकविले जातात. प्रत्यक्षात ती शरीरव्यापाराची अचूक वर्णने आहेत. संकटाची जाणीव होताच मेंदूकडून मज्जातंतूंच्या द्वारे इशारा सुटतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथी ॲड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालू लागते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून हातपाय गार. लाळ सुटणे मंदावते, म्हणून तोंड कोरडे. केसांच्या मुळांशी असलेले बारीक स्नायू ताणले जातात, म्हणून काटा. पचनाचे काम थांबते, म्हणून अन्न गोड लागत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही सारी तयारी लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी असते, असे दाखवून दिले.

वाघ समोर आला असता ही तयारी उपयोगी पडते. हप्ता थकला असता पडत नाही. वाघ निघून जातो, हप्ता दर महिन्यास येतो. ताण लांबला की त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरे द्रव्य वारंवार स्रवू लागते. हान्स सेल्ये यांनी माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करून १९३६ साली असे नोंदविले की, थंडी, इजा, अतिश्रम असा कोणताही त्रास दीर्घकाळ दिला तरी शरीरात एकाच प्रकारचे बदल होतात : या ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंध असलेले अवयव आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. (माणसाच्या जठरव्रणाचा सारा दोष मात्र चिंतेवर टाकू नये, त्याचे एक मुख्य कारण विशिष्ट जंतू आहे, हे पुढे सिद्ध झाले.)

निद्रेचा संबंध येथेच येतो. निरोगी माणसाच्या रक्तातील कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढत जाऊन सकाळी सर्वांत अधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. झोप लागावयाची तर नाडी मंद व्हावी लागते, शरीराची उष्णता किंचित उतरावी लागते. चिंताग्रस्त शरीर या वेळी पहाऱ्यावर उभे असते. परिणामी डोळ्यास डोळा लागत नाही. लागला तरी झोप उथळ राहते आणि बारीकशा आवाजाने मोडते. दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी व विसराळूपणा. संध्याकाळ होताच ‘आज तरी झोप येईल का’ ही नवी चिंता. शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. झोप मोडलेल्या मुलाचा कालचा पाढा आज हरवतो, तो पाठांतर न केल्यामुळेच असे नव्हे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. रात्री साडेअकरास झोपलेले मूल सातच्या शाळेसाठी सहास उठविले, तर किमान अडीच तासांची तूट रोज साठते. महाराष्ट्र शासनाने याची दखल घेऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला आणि पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवावेत, असे सांगितले. दोन पाळ्यांच्या शाळांनी, बसचालकांनी व नोकरदार पालकांनी अडचणी मांडल्या. त्या खोट्या नव्हत्या. तथापि घंटा दोन तास उशिरा वाजविल्याने घरातील दिवा लवकर मालवला जाईलच असे नाही. शाळेची वेळ आदेशाने बदलते, रात्रीची चिंता बदलत नाही.

म्हणून पेंगणाऱ्या मुलास उभे करण्यापूर्वी मधल्या सुट्टीत त्यास एकट्यास विचारावे : काल जेवलास केव्हा, झोपलास कोठे, घरी कोण कोण होते? उत्तर सर्वांदेखत मागू नये. पेंगणारे प्रत्येक मूल चिंताग्रस्तच असते असेही नाही. पंडुरोग, जंत, नाक चोंदून तोंडाने श्वास घेणे, रात्री उशिरापर्यंत हातात असलेला मोबाईल, ही कारणे आधी पाहावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. पोट दुखते म्हणून वारंवार घरी जाऊ पाहणारे, अथवा मोठे होऊनही पुन्हा अंथरूण ओले करू लागलेले मूल ढोंगी समजू नये. त्याचे पोट खरोखरच दुखत असते. फार थकलेल्यास वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर वीस मिनिटे निजू दिले तर एक पाठ बुडतो. न निजू दिल्यास तो पाठ तसाही बुडालेलाच असतो. ‘उद्या पाहतो तुला’ हे शाळा सुटताना उच्चारलेले शब्द मुलाच्या अंथरुणापर्यंत पोहोचतात, हेही ध्यानात असावे.

पालकांशी बोलताना घरातील वादाचा उल्लेख न करता जेवणाची व निजण्याची वेळ एवढ्यापुरतेच बोलणे ठेवले, तर ते ऐकून घेतात. त्रास महिनाभर टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावयास सांगावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतूनही बोलता येते. तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. पालकांस तो जितका उपयोगी, तितकाच निवडणुकीच्या कामाची यादी उशाशी घेऊन जागणाऱ्या शिक्षकासही.