मस्कतहून सूरला: ओमानच्या जुन्या बंदराची वाट

ओमानची सहल आखताना मस्कतमधला एक दिवस कमी करावा आणि तो सूरला द्यावा. मस्कतच्या आग्नेयेला, समुद्राच्या कडेकडेने सुमारे दोनशे किलोमीटरवर हे जुनं बंदर आहे. सकाळी निघून रात्री परत येता येतं, पण तसं करू नये. का, ते पुढे येईलच.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात हा काळ उत्तम. मे-जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि बंदर पायी पाहण्याची हौस फिटते. रमजान केव्हा आहे तेही पाहून घ्या. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं चालत नाही. ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी एकदा तपासा. घरून फराळ नेत असाल तर खसखशीचे अनारसे मागे ठेवा. आखातातल्या काही देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते, उगाच कशाला परीक्षा? औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

पैशाचा हिशेब विमानातच डोक्यात बसवावा. एका रियालचे हजार बैसा होतात. रियाल डॉलरशी बांधलेला आहे, एकाला साधारण २.६० डॉलर, म्हणजे आपले दोनशे रुपयांहून जास्त. ‘अर्ध्या रियालचा तर चहा’ म्हणत खिसा हलका होतो तो इथेच. गंमत अशी, की १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपयाच चालत होता. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या.

मस्कतमध्ये दोन गोष्टी करा. सुलतान काबूस मशीद मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा खुली असते, म्हणून पहिली सकाळ तिच्यासाठी राखा. बायकांनी डोकं झाकावं, बाह्या मनगटापर्यंत आणि कपडे घोट्यापर्यंत असावेत. पुरुषांनी अर्धी चड्डी घालून जाऊ नये. आतला एकसंध गालिचा इराणी कारागिरांनी विणलेला आहे. बांधकामाला लागलेला वालुकाश्म मात्र भारतातून गेलेला आहे, तेव्हा भिंतीपाशीही थोडं थांबा. संध्याकाळी मुत्राहच्या बाजारात जा. दुपारी एक ते चारच्या सुमारास बहुतेक दुकानं बंद असतात. लोबान घ्यायचा तर धोफारचा मागा. हिरवट झाक असलेले स्वच्छ खडे महाग, पिवळे-तांबूस स्वस्त. घासाघीस करावी, पण हसतखेळत.

आता गाडी. सूरपर्यंतचा रस्ता डांबरी आणि रुंद आहे, साधी गाडी पुरते. आंतरराष्ट्रीय चालक परवाना भारतातूनच काढून न्या. चाक डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. पहिला तास शहराबाहेर सवय करण्यात गेला तरी चालेल. महामार्गावर वेग टिपणारे कॅमेरे जागोजाग आहेत आणि दंड पर्यटकालाही होतो. सरकारी बसही सूरला जाते, पण ती वाटेत तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि या वाटेवर थांबणं हाच अर्धा कार्यक्रम आहे. गाडी चालवता येत नसेल तर चालकासह ठरवा. भाड्यात पेट्रोल धरलंय का, हे आधी विचारा.

सकाळी सातला निघा. कुरियात मागे पडलं की बिम्मा इथे चुनखडीचं छत कोसळून तयार झालेला खड्डा लागतो, तळाशी निळं-हिरवं पाणी. पायऱ्या उतरून पाहा, अर्धा तास बास. खरा वेळ वादी शाब या दरीला द्या. महामार्गाच्या पुलाखालून छोट्या होडीने पलीकडे जायचं, मग दगडगोट्यांतून पाऊण तास चालायचं, मग पाण्यात उतरायचं. पोहता येत असेल तर शेवटच्या चिंचोळ्या फटीतून आतल्या गुहेतल्या धबधब्यापर्यंत जाता येतं. पाण्यात चालतील असे बूट हवेत, आणि अंगभर कपडे. शुक्रवार टाळा, गर्दी फार. एक नियम मात्र मोडू नका: आकाशात ढग असतील किंवा डोंगरात पाऊस झाल्याचं कानावर आलं, तर आत जाऊ नका. कोरड्या पात्रातून लोंढा यायला वेळ लागत नाही.

सूरच्या अलीकडे कल्हात हे जुनं बंदर-शहर होतं. प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला, आणि १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने ते उद्ध्वस्त केलं. बीबी मरियमची कबर तेवढी उभी दिसते. अवशेष २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

सूरला दुपारी पोहोचलात तर सरळ खोलीवर जाऊन झोपा. गावही झोपलेलंच असतं; म्हणूनच एका दिवसाच्या सहलीत सूर हाती लागत नाही. जेवायला सुरमई मागवा, लिंबू घातलेल्या भाताबरोबर अख्खी भाजलेली. शाकाहारी माणसाला केरळी हॉटेलं तारून नेतात.

चारनंतर गलबतं बांधण्याच्या जागेकडे चला. एकेकाळी इथली जहाजं मुंबई, मलबार आणि झांझिबारपर्यंत जात. खजूर, मसाले, लाकूड आणि माणसंही. गुलामांचा व्यापार हा या बंदराच्या श्रीमंतीचा भाग होता, तो वगळून सूर समजत नाही. १८६१ मध्ये भारताच्या व्हाइसरॉयने, कॅनिंगने, मस्कत आणि झांझिबारची राज्यं वेगळी ठरवली. वाफेची जहाजं आली, गुलामांच्या व्यापारावर बंदी आली आणि सूरची कळा उतरली.

कारखान्यात सागवान पाहा, पुष्कळसं भारतातून येत आलं आहे. इथल्या परंपरेत आधी बाहेरच्या फळ्यांचं कवच उभं राहतं, आतल्या बरगड्या नंतर बसतात, आणि मुख्य सुतार कागदी नकाशाशिवाय नजरेने माप काढतो. जवळच ‘फतह अल-खैर’ हे १९५१ मध्ये इथेच बांधलेलं घंजा जातीचं जहाज ठेवलेलं आहे. ते येमेनला विकलं गेलं होतं, १९९३ मध्ये गावकऱ्यांनी ते परत आणलं. त्याच्या नक्षीदार पिछाडीभोवती एक फेरी माराच.

मावळतीच्या आधी झुलत्या पुलावरून अल-आयजाला जा. पांढरी घरं, कोरीव दारं, टोकाला दीपस्तंभ. घरांचे फोटो काढा, बायकांचे काढू नका. कुणी कहावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केला तर उजव्या हाताने घ्या. पुरे झालं की रिकामा पेला हलवा, नाहीतर तो भरतच राहील.

दुसऱ्या दिवशी पहाटे रास अल-जिन्झ. हिरवी समुद्री कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात, वर्षभर, पण उन्हाळ्यात सर्वांत जास्त. मार्गदर्शकाशिवाय किनाऱ्यावर सोडत नाहीत, फ्लॅश चालत नाही, आणि जागा मोजक्या असतात. त्यामुळे ही फेरी आधी आरक्षित करा आणि सूरची खोली त्या तारखेला जुळवून घ्या.