भांडं : एक शब्द, किती अर्थ!

'भांडे' हा शब्द शिकवायला अवघड नाही, असं आपल्याला वाटतं. नपुंसकलिंगी नाम, अनेकवचन भांडी, सामान्यरूप भांड्या-. बोलताना 'भांडं'. झालं! पण चौथी-पाचवीच्या मुलांना या शब्दावर थोडं रेंगाळू द्या, बरंच काही हाती लागतं.

साधा अर्थ तरी कुठे एकच आहे? 'भांडी घास' म्हटलं की कढई, तवा, ताट, वाटी सगळंच त्यात आलं. पण 'तांब्या-भांडं' म्हटलं की भांडं म्हणजे फक्त पाणी प्यायचं फुलपात्र. आपल्या सोनाळ्याकडे, संग्रामपूर तालुक्यातल्या घरांत, गडवा आणि गिलास म्हणतात. त्यामुळे धड्यात 'तांब्याभांडं' आलं की आमची मुलं बुचकळ्यात पडतात. 'गंज'चं उलटं आहे. वऱ्हाडातल्या मुलासाठी गंज म्हणजे वरण शिजवायचं उभट भांडं, आणि पुस्तकात तो लोखंडावर चढणारा तांबूस थर! "मायनं गंजात वरन मांडलं" या वाक्यात 'गंज' शब्दाला लाल रेघ मारू नका. मुलाचा शब्द बरोबरच आहे. शेजारी 'पातेलं' लिहून द्यावं, म्हणजे त्याच्याकडे दोन शब्द होतील.

आता लाक्षणिक अर्थ. ज्याला बूड नाही ते भांडं जागेवर बसत नाही, म्हणून आधार नसलेला आरोप 'बिनबुडाचा'. लपवलेली गोष्ट उघडी पडली की 'भांडं फुटलं'. (वर्तमानपत्रांना 'भांडाफोड' फार आवडतो, मला 'बिंग फुटलं' अधिक मराठी वाटतं.) जुन्या भाषेत 'भांड' म्हणजे विकायचा मालसुद्धा. माल ठेवायची जागा ती भांडागार, त्याचं झालं भांडार. त्यावरूनच भांडारकर हे आडनाव. पुण्यात 1917 साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं नाव मुलांना सांगता येईल. व्यापारात घालायचा पैसा ते भांडवल, हा शब्दही याच घराण्यातला. पुढे "एवढ्याशा गोष्टीचं किती भांडवल करतोस!" इथपर्यंत तो पोचला.

आणि भांडण? मुलं लगेच म्हणतात, भांडी आपटतात म्हणून भांडण! कल्पना झकास आहे, पण तो शब्द वेगळ्या धातूचा. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही.

"भांड्याला भांडं लागायचंच" ही म्हण मात्र जपून शिकवा. एका घरात राहणाऱ्यांची कुरबुर व्हायचीच, एवढाच तिचा अर्थ. दोन्ही भांडी एकमेकांना लागतात, आवाज होतो, दोन्ही शाबूत राहतात. पण एकजण मारतो आणि दुसरी सोसते, तिथेही लोक हीच म्हण सांगून विषय मिटवतात. वर्गातल्या एखाद्या मुलीनं घरी हेच पाहिलेलं असू शकतं. म्हणून मुलांना विचारा, ही म्हण कुठे चालेल? दोन भावांच्या खेळण्यावरून झालेल्या वादाला? चालेल. आईला मार बसला तिथे? नाही चालणार. अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

'धुणीभांडी' या शब्दाचंही तसंच. "अभ्यास कर, नाहीतर धुणीभांडी करावी लागतील," असं वर्गात म्हणू नये. त्याच वर्गात कुणाची तरी आई त्याच कामावर घर चालवत असते, आणि तिच्या मुलानं ते वाक्य ऐकलेलं असतं.

पालकांनी घरी करून घेण्यासारखं एक काम सांगतो. आहेरात आलेल्या जुन्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. मुलाला ती वाचायला द्या. टिंबाटिंबांची अक्षरं, कुणाचं तरी अर्धवट नाव, जमलं तर तारीख. वहीत जशीच्या तशी उतरवायची आणि आजीला विचारायचं, हे भांडं कुणी दिलं, कुणाच्या लग्नात? आजी सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून आणायचं. पुस्तकी करायचं नाही.