पाणबुडीचा हात आणि विहिरीतली मोटार

कथा-कवितांच्या सोबतीला यंत्रावरचा लेख पाहून वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. त्यातून लिहिणारा मी द्वितीय वर्ष कला वर्गाचा विद्यार्थी. माझे विषय मराठी आणि इतिहास. तरीही हा लेख लिहावासा वाटला. त्याचे कारण शेवटी सांगतो.

माझा धाकटा भाऊ आश्रमशाळेत नववीत शिकतो. त्याला पाणबुड्यांचे वेड आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या पाणबुड्यांची चित्रे त्याने एका वहीत चिकटवून ठेवली आहेत. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' याच गोदीतून तयार होऊन १९९२ साली नौदलात दाखल झाली. पुढे २०१७ मध्ये 'कलवरी', २०१९ मध्ये 'खांदेरी' आणि जानेवारी २०२५ मध्ये 'वागशीर' आली. 'खांदेरी' हे नाव शिवछत्रपतींनी १६७९ साली बांधायला घेतलेल्या जलदुर्गावरून दिलेले आहे, हे मी त्याला सांगितले; आणि 'कलवरी'ची लांबी ६७.५ मीटर आहे, हे त्याने मला सांगितले. मग दोघांनी मिळून पी.व्ही.सी. पाइपची हातभर लांबीची पाणबुडी करावयाचे ठरले. पैसे माझे होते. हिवाळ्यात आमच्या तालुक्यातून अनेक जण दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. सुट्टीत मीही गेलो होतो. त्या मजुरीतून आम्ही तीन सर्व्हो विकत घेतले, आणि तिन्ही पाण्यात बुडवून मारले.

सर्व्हो म्हणजे काय?

पाणबुडीला डावी-उजवीकडे वळवायला मागे सुकाणू लागते आणि वर-खाली नेण्यासाठी आडवे पंख लागतात. मॉडेलमध्ये ते हलविणारा हात म्हणजे सर्व्हो. काडेपेटीहून लहान, अवघ्या ९ ग्रॅम वजनाच्या या डबीत एक चिमुकली मोटार, दातेरी चाके, एक छोटे सर्किट आणि दांडा किती फिरला हे सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला सुमारे ५० ठोके मिळतात. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर हात मध्ये राहतो. एककडे गेला तर एका बाजूस आणि दोनकडे गेला तर दुसऱ्या बाजूस वळतो. दांडा नेमक्या जागी आला की मोटार आपोआप थांबते.

ही डबी विमान आणि मोटारगाडीच्या मॉडेलसाठी केलेली असते. पाण्याची तिला सवय नाही. म्हणून बरेच हौशी लोक सर्व्हो, बॅटरी वगैरे सारे एका बंद नळकांड्यात ठेवतात आणि फक्त एक सळई रबरी बुचातून बाहेर काढतात. ही रीत चांगली. पण नळकांडे अचूक कातून घ्यावे लागते, आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. आमच्या पाणबुडीच्या पोटात पाणी मोकळे शिरत असे आणि सर्व्हो त्या पाण्यातच बसलेला असे. रिसीव्हर मात्र आम्ही डबीत घालून थर्माकोलच्या तुकड्यावर तरंगत ठेवला होता, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत.

तीन मृत्यू, तीन कारणे

पहिल्या सर्व्होच्या सांध्यांवर आम्ही फेव्हिक्विक फिरवले आणि तो विहिरीत सोडला. पाच मिनिटांत तो थरथरला आणि थांबला. उघडून पाहिले तर पाणी वरच्या बाजूने, फिरत्या दांड्याच्या कडेने आले होते. डबी चारी बाजूंनी बंद केली तरी दांडा फिरता ठेवावाच लागतो, आणि जे फिरते त्याभोवती फट राहते. पाण्याचा दाब दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १ किलो वाढतो. म्हणजे १ मीटर खोलीवर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम, आणि आमच्या डबीच्या मोठ्या बाजूवर सुमारे अर्धा किलो. एवढ्या रेट्यापुढे उघडी फट टिकत नाही.

दुसऱ्या सर्व्होच्या दांड्याला भरपूर ग्रीस भरले. तरी तो वीतभर पाण्यातच मेला! हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही. त्या दिवशी पाणबुडी तासभर कातळावर उन्हात पडली होती. डबीतली हवा ५० अंशांपर्यंत तापली असे धरू. विहिरीचे पाणी २५ अंशांचे. हवा थंड होताच आतला दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. हिशेब केला तर ही ओढ ८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी भरते. पाणी केवळ बाहेरून ढकलले जात नाही, आतली हवा ते ओढूनही घेते, हे मला प्रथमच समजले.

तिसरा सावलीत ठेवला, सांधे आणि दांडा नीट बंद केला. तो तिसऱ्या दिवशी गेला. या वेळी चोरवाट वायरीतून होती. वायरीचा जोड पाण्यात होता आणि त्यावर नुसती टेप गुंडाळली होती. चिमणीच्या वातीतून रॉकेल वर चढावे तसे प्लास्टिकच्या आतल्या बारीक तारांमधून पाणी सरकत थेट सर्किटपर्यंत पोहोचले. भाऊ त्या दिवशी त्याचे मित्र घेऊन आला होता. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

विहिरीवरचा धडा

सुरगाणा तालुक्याची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात इथे पाणी कोसळते, नार-पार नद्या ते घेऊन गुजरातेत जातात, आणि एप्रिल-मे आला की आमच्या आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. अशा दिवसांत गावच्या विहिरीतली पाण्यातली मोटार बंद पडली. ती दुरुस्त करून पुन्हा खाली सोडायला कारागीर आला. सोडण्यापूर्वी तो मोटारीचे बूच उघडून आत स्वच्छ पाणी ओतू लागला. मी चकित झालो.

"दादा, पाण्यातच सोडायची तर आत पाणी कशाला भरता? आत पाणी जाऊ नये म्हणून झाकण घट्ट नको का?"

तो हसला. "घट्ट तर करतोच. पण आत हवा ठेवली तर मोटार तापल, जळून जाईल. आन् भरलेल्या हंड्यात आणखी पाणी शिरल कुठून, भाऊ?"

आमच्या तिन्ही सर्व्होंचे रहस्य त्या एका वाक्यात उलगडले. आम्ही पोकळी बंद करीत होतो. तो पोकळीच ठेवीत नव्हता. आत-बाहेर दाब सारखा असला तर पाण्याला आत ढकलणारे कोणी उरत नाही आणि ओढणारेही नाही. अर्थात त्या मोटारीच्या तारांवर प्लास्टिकचे वेष्टण असते, म्हणून तिला पाणी चालते. सर्व्होचे सर्किट उघडे, त्याला पाणी चालणार नाही. तिथे वीज वाहून न नेणारे तेल हवे.

कृती

१) तळाचे चार स्क्रू काढून डबी उघडावी. सर्किट स्पिरिटने पुसून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. मोटार आणि पोटेन्शिओमीटर यांना ते लागू देऊ नये.

२) प्रत्येक वायरीचे प्लास्टिक डबीजवळ अर्धा सेंटिमीटर सोलून उघड्या तारांत कथील चांगले मुरवावे आणि ती जागा तारा एकमेकींना न लावता अ‍ॅराल्डाइटने बुजवावी. वातीची वाट इथे बंद होते.

३) डबी मिटून सांध्यांवर सिलिकॉन लावावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन घेऊ नये. त्यातले आम्ल तांब्याला खाते. हे काम तेल भरण्यापूर्वीच करावे, कारण तेलकट जागेवर सिलिकॉन धरत नाही. एक दिवस वाळू द्यावे.

४) दांड्यावर घट्ट बसणारी छोटी ओ-रिंग सिलिकॉन ग्रीस लावून घालावी आणि वरून हात बसवावा. स्क्रू फार आवळला तर दांडा जड फिरतो.

५) तळाशी दोन बारीक भोके पाडावीत. तेलाच्या डब्याला दोन भोके का पाडतात हे घरातल्या कोणालाही ठाऊक असते: एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. आत काही नसेल अशी जागा आधी पाहून घ्यावी. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन इंजेक्शनच्या सिरिंजने हळूहळू भरावे, हात फिरवीत आणि टिचक्या मारीत, म्हणजे अडकलेले बुडबुडे निघतात. खाण्याचे तेल वापरू नये. ते काही दिवसांनी चिकट होते.

६) एक भोक बुजवावे. दुसऱ्यात सलाइनच्या नळीचा बोटभर तुकडा तेलाने भरून बसवावा आणि त्याचे टोक बंद करावे. तेल उन्हात फुगते, थंडीत आकसते. ही मऊ नळी ते सांभाळून घेते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी इथे चालत नाही, ती तेलात फुगते.

तेल भरण्यापूर्वी डबी कोमट पाण्यात धरून पाहावी. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसेच हे आहे. आतली हवा तापून जिथून बुडबुडे येतील तिथे फट आहे. मात्र पाणी निवण्याआधीच डबी बाहेर काढावी, नाहीतर तीच फट पाणी ओढून घेईल. ही परीक्षा भोके पाडण्याआधी करावी, हे सांगायला नकोच. तेल भरल्यावर हात किंचित संथ फिरतो. पाणबुडीला तेवढी घाई नसते.

आणि शेवटी

चौथा सर्व्हो तयार झाला तेव्हा आम्ही विहिरीकडे निघालो. आजीने विचारले, "त्यात तेल हाय ना? मंग आपल्या पिण्याच्या पाण्यात सोडतोस?" उत्तर नव्हते. ज्या पाण्यासाठी बाया तळाशी उतरतात त्यात आमचे खेळणे सोडायचा आम्हाला अधिकार नव्हता. आम्ही पाझर तलावावर गेलो. दोरीने मोजून २ मीटर खोलीवर पाणबुडी चाळीस मिनिटे राहिली. भावाने सांगितले तसे सुकाणू वळत होते. घरी येऊन नळीतले तेल पाहिले. पाणी शिरले तर तेल दुधाळ होते. ते स्वच्छ होते.

मी त्या कारागिराला हे सांगायला गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "लिहून ठेव रे. आमच्या पोरांनाबी वाचता येईल." भावाने आणि मी ही माहिती मोबाइलवर शोधली होती तेव्हा जे मिळाले ते इंग्रजीत होते; अर्धे समजले, अर्धे नाही, आणि न समजलेल्या अर्ध्यात तीन सर्व्हो गेले. यंत्र समजणारे हात आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांना आपल्या भाषेत चार ओळी लिहून देणे हे कला शाखेच्या विद्यार्थ्याचेच काम आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.