टँक घासू नका, तसाच आणा

प्रश्न : आमच्या इमारतीतले एक कुटुंब बदली होऊन चालले आहे. त्यांचा दोन फुटी फिशटँक माशांसकट आम्हाला देणार आहेत : चार गोल्डफिश, एक सकर. पाणी पिवळट झालंय, खडीत घाण आहे. आई म्हणते, सगळं घासूनपुसून, ताजं पाणी भरूनच मासे सोडा. बरोबर ना?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आईंची स्वच्छता एरवी बिनतोड असेल, इथे मात्र ती माशांच्या जिवावर उठेल. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो, आणि तो त्यांना विषच. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती केलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही वस्ती जमायला महिना-दीड महिना जातो. तुम्हाला ती आयती मिळतेय. काच नि पंप काय, बाजारात कधीही मिळतात. या व्यवहारातला खरा माल म्हणजे तो बुळबुळीत, तपकिरी स्पंज. नळाखाली धरलात तर क्लोरीनने तो गेलाच म्हणून समजा.

पाणी बदलतानाही घाई नको. दुर्लक्षित टँकचे पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. अशा पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या कमी घातक रूपात राहतो. ताजे पाणी, त्यातून बोअरचे, एकदम भरले की सामू चढतो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो. ‘काल टँक लख्ख केला, आज मासे उलटे तरंगतायत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. म्हणून निम्मे जुने पाणी झाकणाच्या बादल्यांत आणा, मासेही त्याच पाण्यात. उरलेले नवे पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकून थोडे थोडे घाला. पुढे आठवड्याला पाव टँक बदललात की पुरे.

भरलेला टँक मुळीच उचलू नका. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये साधारण 55 लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो, खडी वेगळी. काच पिळवटते, सिलिकॉनचा जोड सुटतो, आणि गळती लक्षात येते ती मध्यरात्री. खडी जुन्याच पाण्यात खळबळून घ्या. स्पंज ओलाच, उघड्या डब्यात आणा. हवाबंद पिशवीत जिवाणू गुदमरतात. घरी पोचताच फिल्टर आधी सुरू करा. माशांना आदल्या दिवशी उपास, आणि पहिला आठवडा एकाआड एक दिवस चिमूटभर खाणे.

राहता राहिली गर्दी. दोन फुटांत चार गोल्डफिश म्हणजे दाटीच, आणि सकर वाढून फूटभर होतो. तो जड झाला म्हणून पवनेत सोडायचा विचार मात्र मनात आणू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा शोभेच्या माशांच्या व्यापारातून आपल्याकडे आला. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो आणि काटेरी अंगाने जाळी फाडतो. मोठा टँक असलेला ओळखीचा कोणी, नाहीतर परत घेणारा मासेवाला दुकानदार आतापासूनच बघून ठेवा.