सॅडलबॅगेत मावणारी फिल्टर कॉफी

बोईसरहून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड करत जव्हारला जा, नाहीतर उलट दिशेने चिंचणीच्या किनाऱ्याकडे वळा. बाईकवर तंबू, अंथरूण आणि पाणी बांधलं की स्वयंपाकाच्या सामानाला एका डब्याएवढीच जागा उरते. तेवढ्या जागेसाठी दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरइतकं सोयीचं साधन नाही. त्याला कागद लागत नाही, वीज लागत नाही, पडला तरी फुटत नाही, आणि पोकळ असल्यामुळे त्याच्या पोटात कॉफीच्या पुड्या भरता येतात. शिवाय डिकॉक्शन उतरायला लागणारा पाव तास तुम्हाला तंबू गुंडाळायला मिळतो.

साहित्य (दोघांसाठी, एका वेळेचं)

- फिल्टरची कॉफी पूड २० ग्रॅम (सुमारे ४ सपाट मोठे चमचे)
- दूध पावडर २५ ग्रॅम
- पिण्याचं पाणी अर्धा लिटर
- साखर किंवा गूळ आवडीप्रमाणे
- दोन कपांचा स्टीलचा फिल्टर
- अर्ध्या लिटरचं झाकणाचं पातेलं, दोन स्टीलचे पेले, चमचा
- घडीचा गॅस बर्नर आणि छोटा सिलिंडर
- सुती फडकी दोन

घरची तयारी

१. कॉफी निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच दळून आणा. माटुंग्याला दक्षिणी कॉफीची जुनी दुकानं आहेत, तिथे समोर दळून मिळते. तयार पाकीट घेत असाल तर त्यावरचं चिकोरीचं प्रमाण वाचा. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे. म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते. ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे प्रमाण दुधाच्या कॉफीला छान बसतं: दाटपणा येतो आणि कॉफीची चवही टिकते.

२. पूड २०-२० ग्रॅमच्या पुड्यांत घट्ट बांधा. पालघरच्या दमट हवेत मोठा डबा वारंवार उघडला की पूड ओलसर होते, गोळे बनतात आणि सुगंध उडतो. दूध पावडरही तशीच मोजून बांधा. ताजं दूध उन्हात सॅडलबॅगेत टिकत नाही.

३. एका पेल्यात मापून १२० मिली पाणी ओता आणि त्या पातळीवर आतून खिळ्याने ओरखडा काढा. हेच तुमचं माप.

४. फिल्टरमध्ये पुड्या, फिल्टर पातेल्यात, मधल्या फटींत फडकी, असं एकात एक बसवा. फडक्यामुळे खड्ड्यांत भांडी एकमेकांवर घासत नाहीत. सिलिंडर सायलेन्सरपासून लांबच्या बाजूला ठेवा.

कृती

१. पाणी घरून भरलेलंच वापरा. किनाऱ्यालगत बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि तो खारटपणा कॉफीत लपत नाही.

२. बर्नर सपाट, गवत नसलेल्या जागी, बाईकच्या पेट्रोल टाकीपासून आणि तंबूपासून दूर मांडा. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला दगड रचा, बाकीच्या बाजू मोकळ्या ठेवा. चहूबाजूंनी झाकला तर खालचा सिलिंडर तापतो आणि ते धोक्याचं असतं. पाऊस आला तरी बर्नर तंबूत नेऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो.

३. पातेल्यात ३५० मिली पाणी झाकण ठेवून उकळत ठेवा.

४. तोवर फिल्टरचं वरचं भांडं कोरडं पुसा. भोकं ओली असतील तर पूड त्यांत चिकटते आणि गळणं थांबतं. २० ग्रॅम पूड घालून सारखी करा, दट्ट्याच्या चकतीने हलकेच दाबा. जोर लावलात तर पाणी उतरणारच नाही. सैल ठेवलीत तर भसकन उतरेल आणि डिकॉक्शन पांचट होईल.

५. उकळी फुटली की खूण केलेल्या पेल्यात १२० मिली पाणी घ्या. गार स्टीलमध्ये ओतल्याने त्याचं तापमान पाचेक अंशांनी उतरतं आणि कॉफीला हवं असलेल्या ९२ ते ९६ अंशांच्या आसपास येतं. पेलाही तापतो. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे थंडीच्या पहाटे पेल्यात पाणी रेंगाळू देऊ नका.

६. निम्मं पाणी चकतीवर गोल फिरवत ओता. अर्ध्या मिनिटाने उरलेलं ओता. झाकण लावा आणि १५ मिनिटं हात लावू नका. पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, म्हणून खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन मिळेल.

७. पातेल्यातलं पाणी झाकून ठेवा. डिकॉक्शन उतरत आलं की दुसऱ्या पेल्यात दूध पावडर दोन चमचे कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. हे पातेल्यात मिसळून मंद आचेवर ढवळत एक उकळी आणा, साखर घाला. गूळ हवा असेल तर गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं.

८. प्रत्येक पेल्यात निम्मं डिकॉक्शन, वर गरम दूध. डिकॉक्शन उकळू नका. उकळलं की कडवट होतं आणि सुगंध जातो.

अडलं तर

गळणं थांबलं तर वरचं भांडं क्षणभर उचलून पुन्हा बसवा. दोन्ही भांड्यांच्या मध्ये कोंडलेली हवा सुटते आणि थेंब सुरू होतात. तरीही अडलं तर चमच्याने बाजूला टिचक्या मारा. काळी कॉफी हवी असेल तर जाडसर दळलेली १५ ग्रॅम पूड झाकणाच्या पेल्यात २२५ मिली गरम पाण्यात चार मिनिटं भिजवा, वरची साय ढवळून मोडा, गाळ बसू द्या आणि वरचं वर प्या.

आवरताना

ओला चोथा ओढ्यात टाकू नका. पूड बांधून आणलेल्या पुडीतच तो घरी न्या आणि कुंडीच्या मातीत मिसळा. फिल्टर लगेच फडक्याने पुसा, म्हणजे धुवायला पाणी जवळपास लागत नाही. मुक्कामाआधी जागेच्या मालकाची किंवा गावाची परवानगी घ्या. जंगलातल्या जागेसाठी वनखात्याला विचारा आणि तिथे लाकडं पेटवू नका; या कॉफीला चुलीची गरज लागत नाही. बर्नर पूर्ण निवला आहे याची खात्री करा, सिलिंडरपासून सोडवा आणि मगच बांधा.