हॅम्स्टरचे चाक केवढे असावे?

शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत रंगीत मासे आणि ससे यांच्या शेजारी हल्ली एक गुबगुबीत, आखूड शेपटीचा प्राणी दिसतो. त्याचे नाव हॅम्स्टर. त्याच्याबरोबर एक छोटा पिंजरा आणि एक छोटे चाकही विकले जाते. घेणाऱ्याला वाटते, एवढ्याशा जिवाला एवढी जागा पुष्कळ झाली. हे खरे आहे का? या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याचे कारण नाही. फूटपट्टी, थोडे गणित आणि शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान यांच्या साहाय्याने आपण ते शोधू या.

मूळचा देश

पाळीव हॅम्स्टरांत सर्वांत परिचित जात म्हणजे सोनेरी किंवा सीरियन हॅम्स्टर. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पो शहराजवळच्या शेतजमिनीतून एक मादी आणि तिची पिल्ले खणून काढली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांची पैदास झाली. काळा आजार या रोगाच्या अभ्यासासाठी तेथील संशोधकांना असा प्राणी हवा होता. आज जगभर प्रयोगशाळांत आणि घरांत असलेले बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्याच कुटुंबाचे वंशज आहेत.

मुक्त स्थितीत हा प्राणी जमिनीखाली बीळ करून एकटा राहतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अलेप्पोच्या परिसरातील बिळांची खोली ३६ ते १०६ सेंटिमीटर आढळली. सरासरी ६५ सेंटिमीटर. काही बिळांची एकूण लांबी ९ मीटरपर्यंत होती. दाणे गोळा करून गालांतील पिशव्यांत भरायचे आणि बिळात साठवायचे, हा त्याचा उद्योग. हॅम्स्टर हे नावही साठेबाजी या अर्थाच्या जर्मन शब्दाशी नाते सांगते.

एवढासा जीव एवढी धावपळ का करतो?

१ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर, गुणोत्तर ६. आता १० सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६००, घनफळ १०००, गुणोत्तर ०.६. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितके तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ जास्त. उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून लहान उष्णरक्ताच्या प्राण्याला दर ग्रॅम वजनामागे आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त अन्न जाळावे लागते. ते अन्न दाण्यादाण्याने शोधायचे, तर पुष्कळ हिंडणे आले. पिंजऱ्यात दाणे समोर आयते मिळाले, तरी हजारो पिढ्यांची ही प्रवृत्ती नाहीशी होत नाही.

आता हिशेब करू. पिंजऱ्यातील हॅम्स्टर चाकावर एका रात्रीत काही किलोमीटर सहज धावतो. आपण ५ किलोमीटर धरू. त्याच्या शरीराची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. म्हणजे तो स्वतःच्या लांबीच्या ३३,००० पटींहून अधिक अंतर कापतो. तुमची उंची १५० सेंटिमीटर असेल, तर याच प्रमाणात तुम्हाला एका रात्रीत ५० किलोमीटर धावावे लागेल! पिंजरा ६० सेंटिमीटर लांब असेल आणि चाक नसेल, तर हेच अंतर कापायला त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत ८,००० पेक्षा अधिक खेपा कराव्या लागतील. एवढे अंतर कोणताही घरगुती पिंजरा देऊ शकत नाही. म्हणून चाक ही चैनीची वस्तू नसून गरज आहे.

काहींना वाटते, चाकावर पळणे हे कैदेतल्या प्राण्याचे वेड आहे. हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मोठा गमतीचा आहे. त्यांनी मोकळ्या जागेत चाके ठेवून दिली. रानातले स्वतंत्र उंदीर आपण होऊन आले आणि धावून गेले. बेडूक आणि गोगलगायीही चाकावर चढल्याची नोंद झाली!

चाकाचा व्यास आणि प्राण्याची पाठ

चाक केवढे हवे, याचे उत्तर पायथागोरसच्या प्रमेयात आहे. समजा, चाकाचा व्यास १७ सेंटिमीटर आहे, त्रिज्या ८.५. त्याच्या तळाशी १५ सेंटिमीटर लांबीची पट्टी टेकवली, तर ती वर्तुळाची जीवा होईल. केंद्रापासून जीवेवर लंब टाका. अर्धी जीवा ७.५ सेंटिमीटर. लंबाची लांबी, ८.५ चा वर्ग वजा ७.५ चा वर्ग, म्हणजे १६ चे वर्गमूळ, अर्थात ४ सेंटिमीटर. त्रिज्या ८.५, लंब ४. म्हणून पट्टीच्या मध्याखाली ४.५ सेंटिमीटर फट राहील.

आता २८ सेंटिमीटर व्यासाचे चाक घ्या. त्रिज्या १४, लंब सुमारे ११.८, फट फक्त २.२ सेंटिमीटर. निम्म्याहूनही कमी!

प्राणी पट्टीसारखा ताठ नसतो हे खरे. पण लहान चाकात त्याचे पुढचे आणि मागचे पाय दोन चढांवर असतात आणि मधला भाग खोलगट असतो. त्यामुळे धावताना त्याला पाठ उलटी वाकवावी लागते, आणि तीही हजारो फेऱ्यांपर्यंत. सोनेरी हॅम्स्टरांना निरनिराळ्या व्यासांची चाके देऊन पाहिली, तेव्हा त्यांनी लहान चाकापेक्षा ३५ सेंटिमीटरचे मोठे चाक पसंत केले. म्हणून या जातीला किमान २८ सेंटिमीटरचे चाक द्यावे. चाकाचा पृष्ठभाग सलग असावा. गजांच्या चाकात पाय अडकून मोडण्याची भीती असते.

चाकाची आसही तपासा. प्राणी चाकाच्या बरोबर तळाशी उभा असेल, तर त्याच्या वजनाचे आसाभोवती आघूर्ण शून्य असते. चाक फिरवण्यासाठी त्याला किंचित पुढे, चढावर जावे लागते. आसात घर्षण जितके जास्त, तितका चढ जास्त. म्हणून करकरणारे, अडखळणारे चाक म्हणजे त्या जिवाला रात्रभर डोंगर चढायला लावणे होय.

चाक दिले म्हणजे झाले काय?

नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात हॅम्स्टर १,८००, २,५००, ५,००० आणि १०,००० चौरस सेंटिमीटरच्या पिंजऱ्यांत ठेवून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. लहान पिंजऱ्यांतील प्राणी गज अधिक वेळा आणि अधिक वेळ कुरतडत होते. ६० × ३० सेंटिमीटरचा पिंजरा म्हणजे बरोबर १,८०० चौरस सेंटिमीटर, हे ध्यानात घ्या. गज कुरतडणे आपल्याला खेळ वाटतो. वास्तविक ते अस्वस्थतेचे लक्षण आहे.

त्याआधी, २००६ साली, तेथेच अंथरणाच्या खोलीचा अभ्यास झाला होता. १०, ४० आणि ८० सेंटिमीटर असे तीन थर दिले. १० सेंटिमीटरच्या गटात गज कुरतडणे सर्वांत जास्त. ८० सेंटिमीटरच्या गटात ते मुळीच दिसले नाही. आणखी एक गोष्ट अशी, की उथळ अंथरणावरील प्राणी चाकही जास्त फिरवीत होते. तेव्हा चाक जास्त फिरले म्हणजे प्राणी जास्त सुखी, असा तर्क करू नका. त्याला धावायचे असते तसे खणायचेही असते.

यावरून घरचा हिशेब मांडता येतो. १०० × ५० सेंटिमीटर तळ, म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटर, आणि ४० सेंटिमीटर अंथरण. घनफळ झाले २,००,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २०० लिटर! कोऱ्या कागदाचे तुकडे आणि सुके गवत यांनी ते भरता येते. चाक मात्र पक्क्या चौथऱ्यावर ठेवावे, नाहीतर खणताना ते कलंडते. मजल्यांचे उंच पिंजरे उपयोगाचे नाहीत. हा प्राणी बिळातला आहे आणि उंचीचा अंदाज त्याला नीट येत नाही. प्लॅस्टिकच्या बंद चेंडूत घालून त्याला घरभर फिरवणेही टाळावे. त्यात हवा कमी खेळते आणि थकल्यावर बाहेर येण्याची सोय नसते. दोन प्रौढ सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. ते जिवावर उठून भांडतात. आणि आपल्याकडील उन्हाळ्यात पिंजरा उन्हापासून दूर, गार खोलीत असलाच पाहिजे.

एवढी जागा आणि एवढा खर्च घरात शक्य नसेल, तर प्राणी न आणणे हेच योग्य. त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते. ते कसे जावे, हे तुमच्या पहिल्या दिवशीच्या मोजमापावर ठरते.

करून पाहा

ज्यांच्याकडे हॅम्स्टर आहे त्यांनी चाकाच्या कडेला एक हलका, लहान चुंबक पक्का चिकटवावा आणि समोरच्या बाजूस एक छोटा चुंबक बसवून तोल साधावा. समोरच्या स्थिर दांडीवर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ येताच बंद होणारी कळ, बसवावी. तिच्या तारा साध्या गणनयंत्राच्या बरोबर चिन्हाच्या कळीला शिक्षकांच्या मदतीने जोडाव्यात. समोरासमोरचे दोन्ही चुंबक मोजले गेले, तर आकडा निम्मा करावा. यंत्रावर १ + १ देऊन ठेवले, की बहुतेक साध्या यंत्रांत कळ दाबली जाईल तसा आकडा एकेकाने वाढतो. दर तासाची नोंद करून आलेख काढा. तारा पिंजऱ्याबाहेर ठेवा आणि दिवसा झोपलेल्या प्राण्याला उठवू नका.

अशाच नोंदींवरून १९८८ साली मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना एक नवल सापडले. एका हॅम्स्टरचे शरीरातील घड्याळ २४ ऐवजी सुमारे २२ तासांचे होते आणि त्याच्या वंशजांत ते २० तासांपर्यंत आखूड झालेले दिसले. साधे चाकही नीट मोजले, तर केवढे सांगून जाते!

प्रश्न

१. २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ किती? ५ किलोमीटरसाठी किती फेरे लागतील?
२. प्राण्याची लांबी १० सेंटिमीटर असेल, तर १७ सेंटिमीटरच्या चाकात मधली फट किती राहील?
३. तुमच्या गावातील दुकानात मिळणारा पिंजरा मोजा. त्याचे क्षेत्रफळ ५,००० चौरस सेंटिमीटरच्या किती टक्के भरते?